खडूची फुली

न्यू जर्सीत, पार्सिपनीतल्या आमच्या रस्त्यावर, आमच्यापासून दोन घरं सोडून, एक इंग्रज गृहस्थ राहतात. आमची लेक लहान असताना मी तिला त्यांना 'आजोबा' म्हणायला शिकवलं आणि मग आम्ही सगळेच तसं म्हणायला लागलो. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. आमचा संबंध म्हणजे हिवाळ्यात बर्फ उपसताना एकमेकांना हात करायचा आणि दिवाळीत मी त्यांना चकल्यांची पिशवी नेऊन द्यायची, एवढाच होता.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात एका शनिवारी मी चालायला निघाले, तर त्यांच्या गॅरेजचं दार उघडं होतं आणि व्हिनेगरचा उग्र वास रस्त्यापर्यंत येत होता. काही सांडलंबिंडलं की काय म्हणून मी आत डोकावले. टेबलावर पत्र्याचे चपटे, गंजलेले डबे मांडून ठेवले होते आणि आजोबा एकेकाचं झाकण काढून आत बघत होते.

"ही माझी जवानी," ते म्हणाले. ते अर्थातच इंग्रजीत बोलतात. मी इथे माझ्या आठवणीतल्या मराठीत लिहिते आहे.

डब्यांमध्ये सिनेमाची फिल्म होती. साठच्या दशकात, विशी-बाविशीत असताना, ते इंग्लंडच्या उत्तरेकडे एका कारखान्यात उमेदवारी करत होते. कोळशाची इंजिनं मोडीत काढायचं तेव्हा सरकारनं ठरवलं होतं. इंजिनं ठेवायची एकेक शेड बंद होत होती. सुट्टी मिळाली की हे सायकलवर छोटा कॅमेरा बांधून निघायचे आणि जे काही अजून धावत असेल ते टिपून आणायचे. पुढे नोकरीसाठी न्यू जर्सीत आले तेव्हा डबेही बरोबर आले आणि बेसमेंटमध्ये पडून राहिले.

"वास कसला येतोय?" मी विचारलं.

"फिल्म कुजते आहे. आतून. कुजायला लागली की हा वास सोडते. एकदा सुरू झालं की थांबवता येत नाही, आणि एका डब्याचं शेजारच्या डब्यालाही लागतं."

त्यांनी फिल्मचं एकेक चित्र टिपून कॉम्प्युटरवर उतरवणारं एक जुनं मशीन विकत आणलं होतं. पण त्यांचे हात थरथरतात, त्यामुळे फिल्म मशीनच्या दात्यांत बसवता येईना. मी म्हटलं, मी येईन शनिवारी. मी एका इन्शुरन्स कंपनीसाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. स्क्रीनकडे बघत बसून चुका शोधायच्या, हेच माझं काम. शिवाय नवरा प्रोजेक्टसाठी आठवडाभर टेक्सासला, फ्रिस्कोत, असायचा आणि शनिवारी घरी आला की झोपायचा. आणि खरं सांगायचं तर इंजिनं हे कारण होतंच. मी वाढले दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये. वडील मालधक्क्यावर क्लार्क होते. वारा यार्डाकडून असला की आई धुणं बाहेर वाळत घालायची नाही, कारण धुराची काजळी पांढऱ्या कपड्यांवर बसायची.

बेसमेंट थंड होतं. मी मशीनपाशी बसायची, आजोबा समोरच्या खुर्चीत. मी फिल्म लावायची, कडा फाटलेल्या असतील तर चिकटपट्टीनं सांधायची आणि मशीन चालू करायची. स्क्रीनवर एकेक चित्र सरकत जायचं.

मला वाटलं होतं, चकचकीत इंजिनं असतील, फलाटावर हात हलवणारी माणसं असतील. तसं काहीच नव्हतं. इंजिनं मळकी, गंजलेली. त्यांच्या नावाच्या पितळी पाट्या कुणीतरी काढून नेलेल्या, तिथे नुसती भोकं. शेडचं छत फुटलेलं, आत पावसाचं पाणी साचलेलं. माणसं होती, पण ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. आणि सगळं मुकं. इंजिनाच्या डोक्यावरून वाफेचा पांढरा झोत उडायचा, म्हणजे शिट्टी वाजली असणार, आणि खोलीत फक्त मशीनची टिकटिक.

पहिल्यांदा वास आला तो सप्टेंबरच्या सुमाराला. एक मालगाडी चढ चढत होती, धूर सरळ कॅमेऱ्यावर येत होता आणि मला कोळशाच्या धुराचा वास आला. आठवण झाली असं नाही, वास आला. ओल्या राखेचा, तापलेल्या लोखंडाचा, दौंडचा. पोटातून काहीतरी गरम वर चढत गळ्याशी आलं. क्षणभर वाटलं, ही खोली, ही खुर्ची, हे सगळं पूर्वी असंच घडून गेलं आहे. मग ते ओसरलं.

"तुम्हाला धुराचा वास येतोय?" मी विचारलं.

"व्हिनेगरचा येतो," आजोबा म्हणाले.

मला त्या दिवशी खूप आनंद झाला होता. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "नॉस्टॅल्जिया आहे यार. मला पण मधेच हलदीरामच्या दुकानाचा वास येतो." तो नागपूरचा आहे. आम्ही हसलो.

पुढच्या खेपेला वास आला तेव्हा मशीन बंद होतं. मी बेसमेंटमध्ये नव्हतेच, ऑफिसच्या एका मीटिंगमध्ये होते. तसाच धूर, तसंच पोटातून चढणारं काहीतरी. पण या वेळी त्याबरोबर भीती होती. कशाची ते सांगता येईना. दारामागे कुणीतरी उभं आहे आणि मला ते आधीपासून माहीत आहे, अशी. मग इंडियन ग्रोसरीत, डाळींच्या कपाटापुढे. मग अंघोळीत. दर वेळी काही सेकंद. दर वेळी भीती थोडी जास्त आणि दौंड थोडं कमी.

मी कुणाला काही बोलले नाही. सांगणार तरी काय, जुन्या इंजिनाचा वास येतो म्हणून?

ऑक्टोबरात आम्ही एका शेडची फिल्म लावली. ती सगळ्यात जास्त कुजलेली होती, कडा लाटांसारख्या वाकलेल्या. आजोबांनी बजावलं होतं, अडकली की लगेच बटण दाबायचं, नाहीतर फाटेल. मी बटणावर बोट ठेवूनच बसले होते. स्क्रीनवर एक माणूस लांब सळीनं इंजिनाच्या पोटातली राख उकरत होता.

त्यानंतर मला जे आठवतं ते म्हणजे आजोबा माझ्या शेजारी उभे होते आणि मशीन बंद होतं. फिल्मचा तुटलेला शेपटा टेबलावरून खाली लोंबत होता.

"अरे देवा," मी मराठीतच म्हणाले. "कधी फाटली?"

त्यांनी फिल्मकडे बघितलंसुद्धा नाही. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.

"मी तुम्हाला हाका मारल्या. तुम्ही स्क्रीनकडे बघत होतात. ओठ हलत होते, काहीतरी चाटल्यासारखे. तुम्ही इथे नव्हतात."

"विचारात असेन."

"नाही," ते म्हणाले. "मागच्या शनिवारीसुद्धा असं झालं होतं. तेव्हा मला वाटलं, थकल्या असाल." मग थांबून त्यांनी विचारलं, "तुम्ही गाडी चालवता का?"

ऑफिसला मी रोज गाडीनंच जात होते. घर दोन दारांवर, पण ते सोडायला आले. थरथरत्या हातानं माझं कोपर धरून, हळूहळू. आमच्या दारात नवऱ्याला त्यांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. नवरा ऐकून घेत होता, मान हलवत होता, "येस, शुअर, थँक यू" म्हणत होता. ते गेल्यावर दार लावून म्हणाला, "झोप पुरत नाही तुला. बाकी काही नाही." पण गाडीच्या किल्ल्या त्यानं हुकावरून काढून स्वतःच्या खिशात टाकल्या, हे मी बघितलं.

लेकीला फोन केला. ती मिनेसोटात, ईडन प्रेरीला राहते. पुलांची तपासणी करते. दोराला लटकून पुलाच्या पोटाशी जाते आणि तडे शोधते. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं, वास, भीती, फाटलेली फिल्म.

"आई, दॅट्स नॉट नॉस्टॅल्जिया," ती म्हणाली. "कॉल द डॉक्टर. मंडे नाही. नाऊ."

फिटचा झटका म्हणजे माणूस खाली पडतो आणि हातपाय झाडतो, एवढंच मला माहीत होतं. न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी सांगितलं की झटका असाही असतो. मेंदूत जिथे वासाचं आणि आठवणींचं काम चालतं, तिथे काहीतरी डिवचलं गेलं की माणसाला नसलेला वास येतो, पोटातून लाट चढते, घडलेलं पुन्हा घडतंय असं वाटतं, आणि विनाकारण भीती वाटते. "बहुतेक लोकांना जळक्या रबराचा किंवा कुजक्याचा वास येतो," त्या म्हणाल्या. "तुम्हाला निदान ओळखीचा आला."

एमआरआयमध्ये उजव्या कानाच्या आतल्या बाजूला एक पांढुरका डाग दिसला. साधारण द्राक्षाएवढा. त्यांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. नवऱ्यानं चष्मा काढून पुसला आणि परत लावला. ऑपरेशन करावं लागेल, कापून बघितल्याशिवाय तो कसला आहे ते सांगता येणार नाही, सर्जनची तारीख काही आठवड्यांनी मिळेल. तोपर्यंत गोळ्या, आणि गाडी चालवायची नाही.

ते आठवडे फार विचित्र गेले. नवऱ्यानं फ्रिस्कोच्या चकरा कॅन्सल केल्या. मी घरून काम करत होते. गोळ्यांनी वास कमी झाला, पण गेला नाही. हलका यायचा, लांबच्या बंद खोलीत कुणीतरी काडी ओढल्यासारखा. पायी जाता येईल अशी एकच जागा होती, आजोबांचं बेसमेंट. बरेच डबे अजून राहिले होते.

"तिथे जाऊ नकोस," नवरा म्हणाला.

"फिल्म बघून ट्यूमर होत नाही."

"मला माहितीये. मूर्ख नाहीये मी." मग आवाज खाली आणून, "तिथे बसल्यावर सुरू झालं ना हे? नको जाऊस यार, प्लीज."

एवढा शिकलेला माणूस, आयुष्यभर लॉजिकवर पोट भरलेला. मला त्याचा राग आला नाही. पण घरात बसून भिंती बघवत नव्हत्या. मी गेलेच. तर तोही माझ्यामागून आला. बेसमेंटच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला. त्यानंतर दर शनिवारी तो तिथेच बसायचा. काम करतोय असं दाखवायचा आणि लॅपटॉपच्या वरून माझ्याकडे बघायचा.

मशीन आता आजोबा चालवायचे. फिल्म बसवायची मी, बटण त्यांचं.

अशाच एका दुपारी स्क्रीनवर शेडच्या बाहेरची एक रांग आली. इंजिनामागे इंजिन, सगळी वाफ सोडत उभी. कॅमेरा त्यांच्यासमोरून सावकाश चालत गेला. काही इंजिनांच्या केबिनवर खडूनं मोठी फुली मारलेली होती.

"ही फुली कसली?" मी विचारलं.

आजोबांनी मशीन थांबवलं.

"मोडीत निघालेली. त्या शेडमध्ये अशी खूण करायचे. इन्स्पेक्टर येऊन बघून जायचा, यावर आता पैसा घालायचा नाही असं ठरायचं, आणि कुणीतरी खडू घेऊन फुली मारायचं."

"पण ही तर चालू आहेत. वाफ दिसतेय."

"हो. गाड्या तर न्याव्या लागायच्याच ना. दुसरं मिळेपर्यंत हीच वापरायचे."

जिन्यावरून नवऱ्याचा आवाज आला. इतक्या शनिवारांत तो पहिल्यांदाच बोलला. "विथ द मार्क? फुलीसकट धावायची?"

"फुलीसकट. पावसानं पुसली तर पुन्हा मारायचे."

"किती दिवस?"

"कधी थोडे, कधी बरेच. मला एक इंजिन माहीत होतं, त्यावर फुली मारून पुरा हिवाळा गेला. रोज सकाळी मालगाडी घेऊन निघायचं. ड्रायव्हर त्याच्याशी बोलायचा."

नवऱ्यानं लॅपटॉप मिटला, "पाणी घेऊन येतो," म्हणाला आणि वर गेला. वर नळाचा आवाज आला, तो बराच वेळ चालू राहिला. आजोबांनी माझ्याकडे बघितलं आणि ते कानापर्यंत लाल झाले.

"मी हे आत्ता बोलायला नको होतं."

"मी विचारलं म्हणून तुम्ही सांगितलंत," मी म्हटलं. "चालू करा."

त्यांनी चालू केलं. रांग संपेपर्यंत आम्ही बघत राहिलो. फुल्या मोजायचं मी मुद्दाम टाळलं.

ऑपरेशनच्या आधी लेक आली. आल्या आल्या तिनं बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला, जिन्याचा हलणारा कठडा घट्ट केला. मग स्वयंपाकघरात माझ्याशेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "आर यू स्केअर्ड?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "मी टू."

शुद्धीवर आले तेव्हा डोकं पट्ट्यांत होतं, तोंड कोरडं पडलं होतं आणि नवरा माझ्या हाताचं बोट न् बोट दाबून बघत होता. सर्जन म्हणाले, छान झालं, बहुतेक सगळं निघालं. 'बहुतेक' हा शब्द आम्ही तिघांनीही ऐकला. नंतर रिपोर्ट आला. गाठ हळू वाढणाऱ्या जातीची होती. हळू, पण वाढणारी. एका रक्तवाहिनीला चिकटलेला थोडा भाग त्यांना सोडून द्यावा लागला होता.

वास गेला. एकदाही आला नाही. पण त्याबरोबर डाव्या बाजूचा वरचा कोपरा दिसेनासा झाला. काळं दिसतं असं नाही, तिथे काही नसतंच. वाटेत झाडाची फांदी लागते तेव्हा कळतं. डॉक्टर म्हणाल्या, हे अपेक्षित होतं, सवय होईल, मान वळवून बघायला शिका.

वसंतात आजोबांनी सगळं जोडून एक फिल्म तयार केली आणि गावच्या लायब्ररीनं ती एका रविवारी दुपारी दाखवायचं ठरवलं. आगगाड्यांचे शौकीन आले, दोन-चार इंग्रज कुटुंबं आली, आमच्या मराठी मंडळातल्या काही काकू-काका माझ्यासाठी म्हणून आले. दिवे मंद झाले. चढ चढणारी ती मालगाडी आली. धूर पडद्याच्या डाव्या कोपऱ्याकडे जात होता. तो बघायला मला मान वळवावी लागली आणि वळवली तेव्हा दिसलं की नवरा पडद्याकडे बघत नाहीये, माझ्याकडे बघतोय. पलीकडे लेक, तीही माझ्याकडे. पुढच्या रांगेत बसलेले आजोबा तर अख्खे मागे वळून बसले होते. स्वतःच्या जवानीकडे पाठ करून.

वास नाही, अशी मी मान हलवली. खरंच काही नव्हतं. मला वाटलं होतं, सुटल्यासारखं वाटेल. पण ती गाडी नुसती चित्रातली गाडी होती, कुठल्या तरी परक्या देशातली, आणि दौंड कुठेच नव्हतं. आईचे वाळत घातलेले कपडे मी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. आठवले. पण ऐकलेली गोष्ट आठवावी तसे.

शो संपल्यावर टाळ्या झाल्या. फाटलेल्या जागी स्क्रीनवर थोडा वेळ काळोख होतो, त्याबद्दल एकानं विचारलं. आजोबा म्हणाले, "फिल्म खराब होती." माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

उन्हाळा ठीक गेला. गाडी चालवायची परवानगी मिळाली नाही, पण मी ऑफिसला जायला लागले. नवरा सोडायचा, आणायचा. आजोबांनी मूळ डबे फेकून दिले. ठेवण्यासारखं आत काही उरलं नव्हतं, म्हणाले. चकल्या मी पुन्हा करायला लागले, पण भाजणी भाजताना जळायला लागली तर मला उशिरा कळतं, हे माझ्या लक्षात आलं आहे.

दर थोड्या महिन्यांनी एमआरआय असतो. गेल्या आठवड्यात होता. एरवी डॉक्टर बाई हसतच खोलीत येतात. या वेळी त्या आधी स्क्रीनपाशी गेल्या आणि दोन चित्रं शेजारी शेजारी लावली, मागचं आणि आत्ताचं. रक्तवाहिनीपाशी एका जागी फरक वाटतोय, त्या म्हणाल्या. ऑपरेशनचा व्रण असू शकतो. बऱ्याचदा तेच असतं. आत्ता काही करायचं नाही, फक्त पुढचा स्कॅन थोडा लवकर घेऊ.

"लवकर म्हणजे?" नवऱ्यानं विचारलं.

"लवकर," त्या म्हणाल्या, आणि कॅलेंडर उघडलं.

लेकीला मी फोनवर एवढंच सांगितलं की व्रण असेल म्हणाल्या. ती "ओके" म्हणाली. काल दुपारी दारावरची बेल वाजली तर ती उभी, मोठी सूटकेस घेऊन. आठवडाभरासाठी येते तेव्हा आणते ती नाही, मोठी.

"सांगितलं नाहीस येणार म्हणून?" मी म्हटलं. "किती दिवस आहेस?"

"आय डोन्ट नो," ती बूट काढत म्हणाली. "बघू. मी सध्या रिपोर्ट लिहायचं काम घेतलंय, रिमोट."

नवरा तिची सूटकेस उचलायला पुढे झाला. तिचं वजन लागलं तसा क्षणभर तसाच वाकून राहिला आणि मग ती वर घेऊन गेला. मी तांदूळ धुवायला घेतले.